बोलण्यामागचा श्वास

केवळ बोलण्यासाठी म्हणून निसर्गाने मानवाला एकही स्वतंत्र इंद्रिय दिलेले नाही. जीभ व दात अन्नासाठी, स्वरयंत्र श्वासमार्गाच्या रक्षणासाठी आणि फुप्फुसे प्राणवायूसाठी. वाणी या सर्वांकडून उसनवारीने काम करून घेते. त्यातही तिच्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते फुप्फुसांचे. कारण खालून हवेचा प्रवाह आल्यावाचून स्वरतंतू कंप पावत नाहीत.

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे १२ ते १६ वेळा श्वास घेतो व प्रत्येक वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. श्वास व उच्छ्वास यांच्या कालावधीत फारसा फरक नसतो. बोलू लागताच हा हिशेब पालटतो. श्वास झटकन घेतला जातो, आणि एका आवर्तनातील जवळजवळ नऊ-दशांश वेळ उच्छ्वासाच्या वाट्याला येतो.

श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात आणि फुप्फुसे ताणली जातात. स्वस्थ अवस्थेत श्वास सोडण्यासाठी मात्र स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. ताणलेले फुप्फुस फुग्याप्रमाणे आपोआप आकसते. बोलणाऱ्यापुढची अडचण येथेच उभी राहते. साध्या संभाषणासाठी स्वरतंतूंच्या खाली ५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरेसा होतो. छाती पूर्ण भरलेली असेल तर नुसत्या आकसण्यानेच याच्या कित्येक पट दाब निर्माण होतो. तो तसाच मोकळा सुटला, तर वाक्याचा आरंभ ओरडून व्हावा आणि शेवटास आवाजच उरू नये.

प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण बरगड्या उचलणारे स्नायू बोलणे सुरू झाल्यावरही एकदम सैल पडत नाहीत. ते छातीला उचलून धरतात आणि उताराला लागलेल्या गाडीला गाडीवानाने आवरावे तसे आकसणाऱ्या फुप्फुसाला आवरतात. हवा कमी होऊ लागली की ते हळूहळू माघार घेतात. मग बरगड्या आत ओढणारे स्नायू पुढे होतात आणि दाब टिकवून धरतात. पोटाचे स्नायू तर उभ्याने बोलताना बहुधा आरंभापासूनच ताठ असतात. वाचकाने छाती भरून श्वास घ्यावा आणि तो एकदा सुस्काऱ्यासारखा सोडून द्यावा. नंतर तेवढाच श्वास घेऊन एका लयीत अंक मोजावेत. पहिल्या खेपेस क्षणात निघून गेलेली हवा दुसऱ्या खेपेस कितीतरी अंकांना पुरते.

छातीच्या या कामाविषयी अतिशयोक्तीही झाली आहे. प्रत्येक अक्षर म्हणजे छातीच्या स्नायूंचा एक स्वतंत्र झटका होय, असा सिद्धांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टेटसन याने १९२८ मध्ये मांडला. कल्पना मोहक होती व ती बरीच वर्षे टिकली. पुढे १९५० नंतरच्या दशकात एडिंबरो येथे ड्रेपर, लॅडेफोगेड व व्हिटरिज यांनी बोलणाऱ्याच्या स्नायूंतील विद्युत्‌-स्पंदने नोंदवून पाहिली, तेव्हा झटके व अक्षरे यांचा मेळ बसेना. आपल्याकडील 'महाप्राण' ही संज्ञाही अशीच फसवू शकते. 'ख' उच्चारताना तळहातावर जास्त हवा लागते खरी. पण ती मुख्यतः छातीने जोर केल्यामुळे नव्हे, तर त्या क्षणी स्वरतंतू एकमेकांपासून दूर असल्यामुळे. प्राचीन वैयाकरणांनी कंठाच्या उघडण्याला 'विवार' असे वेगळे नाव दिले होते, ही त्यांच्या निरीक्षणाची सूक्ष्मता म्हटली पाहिजे.

मानेच्या मणक्यांना इजा झालेल्या पुष्कळ रुग्णांत श्वासपटल चालू राहते, परंतु बरगड्यांमधील व पोटाचे स्नायू लुळे पडतात. श्वास चालतो, जीभ व ओठ निर्दोष असतात. तरी आवाज क्षीण होतो आणि दोन-चार शब्दांनंतर थांबावे लागते. अशा काही रुग्णांना बसते करून पोटाभोवती रुंद पट्टा घट्ट बांधला, तर त्यांचा आवाज वाढतो आणि एका श्वासात अधिक शब्द बसतात.