सोबत मागावी, औषध नव्हे

चि. सोनूस,


केमो झाली, रेडिएशन झालं, केसही परत यायला लागले. आता सगळे म्हणणार, "सुटलीस एकदाची!" पण मनाचं दुखणं बहुधा इथूनच डोकं वर काढतं. उपचार चालू असताना कुठल्या दिवशी कुठे जायचं, काय करायचं हे ठरलेलं असतं. ते संपले की काही महिन्यांनी एकदा तपासणी, आणि मधला सगळा वेळ भीतीला मोकळा. तुझ्या वयात त्यात आणखी भर आहेच. वर्षानुवर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी, बत्तिशीतच अंगातून निघणाऱ्या वाफा, मूल होईल का ही धास्ती, कपडे बदलताना नवऱ्याकडे पाठ करायची लागलेली सवय. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो, म्हणजे तुझ्यासारख्या काही थोड्या नाहीत. त्यांना शोध, एवढंच मला सांगायचं आहे. मात्र त्यांच्याकडे काय मागायचं आणि काय नाही, हे आधी ठरव.

कारण या बाबतीत भाबडेपणा फार चालतो. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की आजार शरीरात पसरलेल्या ज्या बायका गटात बसून मन मोकळं करत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर गाजावाजा झाला. पुढे कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ जणींवर तेच तपासलं. २००१ साली निष्कर्ष आला: आयुष्य वाढत नाही, पण मन सावरतं, वेदना कमी जाणवते, आणि ज्या आधीच जास्त खचलेल्या असतात त्यांना फायदाही जास्त होतो. स्पीगेल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मला मन सावरण्याचा निष्कर्षच पुरेसा वाटतो. झोप लागणं, तपासणीच्या आदल्या रात्री कुणाला तरी फोन करता येणं, हे काय कमी आहे? "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. १९९९ साली मॅगी वॉटसन यांनी ५७८ जणींच्या पाहणीत दाखवलं, की लढाऊ वृत्तीने जगण्याची शक्यता वाढत नाही. हताशपणाचा मात्र वाईट परिणामाशी संबंध दिसला होता. म्हणून महिनोन्‌महिने काहीच करावंसं वाटत नसेल तर गटावर भागवू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. बाकी रडू आलं तर खुशाल रड, त्याने आजार परतत नाही.

आई विचारेल, "घरात आम्ही आहोत ना?" तिचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत व्हिकी हेल्गेसन यांच्या अभ्यासात ज्यांना नवऱ्याचा किंवा डॉक्टरांचा आधार नव्हता, त्यांना नुसत्या गप्पांच्या गटाचा उपयोग झाला. ज्यांना तो भरपूर होता, त्यांना उलट त्रास झाला. आजाराची नीट माहिती देणारे गट मात्र जास्त उपयोगी ठरले. तेव्हा प्रश्न माया किती हा नाही, बोलता किती येतं हा आहे. आपल्याकडे मायेला तोटा नाही, पण विषय निघाला की कुणीतरी चहा टाकायला उठतं. घरच्यांना तू बरी झालेली हवी आहेस; त्यांच्यासमोर भीती बोलून दाखवायची तर आधी त्यांनाच सावरावं लागतं. हे ओझं परक्या बाईसमोर नसतं.

पण आजार एक म्हणून बाई आपली, असंही नाही. कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांचा स्तन १९७८ साली काढला, तेव्हा मदतीला आलेल्या स्वयंसेविकेने ब्रामध्ये ठेवायला लोकरीचा गोळा आणला, तोही गुलाबी. लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या, आणि कुणाला काही कळू नये ही घाई त्यांना मुळातच मान्य नव्हती. पुढे दवाखान्यातल्या नर्सने गोळा न लावता तिथे येण्याने इतरांचं मनोधैर्य खचतं असंही सुनावलं. साठीतल्या काकू तुला हाताची सूज कशी सांभाळायची हे उत्तम सांगतील; मुलाबाळांचं, शरीरसंबंधांचं कदाचित नाही. म्हणून वयाच्या जवळची एखादी तरी हवी. तरी तिचं उत्तर ते तुझं उत्तर नव्हे. २०२३ साली 'पॉझिटिव्ह' या चाचणीचे निष्कर्ष आले: बेचाळिशीच्या आतल्या पाचशेहून अधिक जणींनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग बाळासाठी ती तात्पुरती थांबवली, आणि पहिल्या काही वर्षांत तरी आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. पुढचं अजून तपासत आहेत. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी सोडली असेल तर तिचं ऐकू नकोस. डॉक्टरांसमोर हा विषय काढायचं धाडस तेवढं तिच्याकडून घे.

उरली ती शंका, दुसऱ्यांची दुःखं ऐकून आपण आणखी खचू, एखादी गेली तर काय. खचशीलही. पहिल्यांदा गप्प बसून ऐक. दोन-तीन बैठकांनंतरही घरी येताना जास्त जड वाटत असेल तर तो गट सोड, कुणाला कारण द्यायची गरज नाही. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी कर, आणि तुझ्या वयाच्या किती जणी येतात हे आधी विचार. आईशी मी बोलेन.

तुझी,
मावशी