बाबांना साखरेचीच गोळी का नको वाटते?

प्रश्न : माझे वडील रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवत नाहीत. साखरेच्या गोळ्या मात्र दर महिनाअखेरीला दीड-दोन स्ट्रिप उरलेल्या सापडतात. विचारलं की ‘विसरलो’ एवढंच म्हणतात. एकाच माणसाला एकच गोळी कशी विसरायला होते? औषधाबद्दल मनात काय आहे, याचा औषध घेण्या-न घेण्याशी खरंच संबंध असतो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : संबंध असतो. पण आधी एक गोष्ट तपासा. रक्तदाबाची गोळी बहुतेकदा सकाळी एकदाच असते, साखरेची अनेकांना दोन वेळा, जेवणाबरोबर असते. उरलेल्या गोळ्या फक्त रात्रीच्या असतील, तर वडील खरंच विसरत असतील. बाहेर जेवण झालं, पाहुणे आले, मालिका बघता बघता झोप लागली, की रात्रीची गोळी राहते. सकाळच्याही उरत असतील, तर मात्र ते विसरणं नाही. विसराळू माणूस शेजारी ठेवलेल्या दोन्ही गोळ्या विसरतो. एक घेऊन दुसरी मागे ठेवतो, त्याने मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं.

हे ठरवणं कसं होतं, यावर ब्रिटनमधले संशोधक रॉब हॉर्न, जॉन वाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. आज ती जगभर वापरली जाते. हे औषध मला किती गरजेचं वाटतं, आणि त्याची मला किती धास्ती वाटते, या दोन गोष्टी ती वेगवेगळ्या मोजते. माणसाच्या मनात या दोन्हींचा तराजू असतो. गरजेचं पारडं जड असलं तर गोळी पोटात जाते, धास्तीचं जड झालं तर ती डब्यातच राहते. महत्त्वाचं म्हणजे हा तराजू एकेका औषधाचा वेगळा असतो. म्हणून ‘बाबांचा औषधांवर विश्वास नाही’ असं सरसकट म्हणू नका. रक्तदाबाच्या गोळीवर त्यांचा विश्वास आहेच की.

२०१३ मध्ये या पद्धतीने झालेले ९४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत निरनिराळ्या दीर्घ आजारांचे सुमारे २५ हजार रुग्ण होते. गरज जास्त वाटणारे औषध जास्त नेमाने घेतात आणि धास्ती जास्त असणारे कमी, हे त्यात सातत्याने दिसलं. मात्र हे नातं फार घट्ट नाही. शिवाय असे बरेच अभ्यास मत आणि सवय एकाच वेळी, रुग्णाच्याच तोंडून विचारतात. त्यामुळे कधी उलटंही होत असेल : आधी गोळी सुटते आणि मग ‘तशी गरज नव्हतीच’ हे मत तयार होतं.

साखरेच्या गोळीचं गरजेचं पारडं मुळातच हलकं असतं. साखर दोनशेच्या घरात असली तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, कामं चालू असतात. त्यात रिपोर्ट चांगला आला की ‘आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ हा विचार येतोच. तो रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असू शकतो, हे कुणीतरी नीट बसून सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं पाच हजारांहून अधिक मधुमेहींवर एक मोठा अभ्यास चालला. निदान झालं त्याच वेळी त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांत डोळे, नसा किंवा इतर अवयवांवर परिणामाच्या काही ना काही खुणा होत्या. साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे-मूत्रपिंडांसारख्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका चतुर्थांशाने कमी झाला. औषधाचा हा फायदा आरशात दिसत नाही. जी नजर शाबूत राहिली, तिचं श्रेय गोळीला देणं कुणालाच सुचत नाही.

धास्ती मात्र रोज दिसणाऱ्या, ऐकलेल्या गोष्टींतून येते. ‘साखरेच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे तर प्रत्येक नात्यागोत्यात ऐकू येतं. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीपुरतं सांगतो. ती मूत्रपिंड खराब करत नाही, ती मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाचं काम मंदावलं की डॉक्टर तिचा डोस कमी करतात किंवा ती थांबवतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच : किडनीचा रिपोर्ट बिघडला आणि गोळी बंद केली. त्यावरून दोष गोळीच्या माथी बसतो. मूत्रपिंड बहुधा वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने बिघडलेलं असतं. इन्शुलिनचंही असंच. आपल्याकडे ते पुष्कळदा फार उशिरा, सगळं हाताबाहेर गेल्यावर सुरू होतं. मग काही महिन्यांत शेजारच्या काकांचं बोट कापावं लागलं की ‘इन्शुलिन लागलं आणि संपलं’ असं गल्लीभर होतं. ही माणसं अडाणी नाहीत. डोळ्यांसमोर जो क्रम घडला, त्यावरूनच त्यांनी अर्थ लावला आहे.

काही धास्ती तर पूर्ण खरी असते आणि ती ऐकून घेतलीच पाहिजे. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात. ज्यांना बसने कामावर जायचं असतं, त्यांना ही फार मोठी अडचण आहे, आणि ती लाजेने कुणी बोलत नाही. जेवणाबरोबर घेणं, डोस हळूहळू वाढवणं किंवा सावकाश विरघळणारी गोळी देणं, यांनी पुष्कळांचा त्रास कमी होतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर एकदम उतरू शकते : हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकादशीच्या उपवासाला एकदा असा अनुभव आला की तो माणूस त्या गोळीकडे कायम संशयानेच बघणार. त्याला ‘घाबरू नका’ सांगून भागत नाही, डॉक्टरांनी गोळी किंवा तिची वेळ बदलायला हवी. पैशांचंही बोला. निवृत्त माणूस मुलांना सांगत नाही, पण महिनाअखेरीला एक दिवसाआड गोळी घेऊन स्ट्रिप पुरवतो. तसं असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात.

तेव्हा ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘बाबा, या गोळीचं तुम्हाला नक्की काय वाटतं? हिचा काही त्रास होतो का?’ असं निवांतपणे विचारा, आणि उत्तर येईल ते मधे न तोडता ऐका. जे कळेल ते डॉक्टरांपासून लपवू नका. गोळ्या सुटताहेत हे ठाऊक नसेल, तर तीन महिन्यांची सरासरी साखर बघून डॉक्टरांना वाटतं की डोस अपुरा पडतोय. ते तो वाढवतात. मग कधी आजारपणात घरच्यांनी सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या, की साखर धोकादायक उतरू शकते.

‘एकदा लागलेली गोळी सुटत नाही’ असं वडील म्हणाले, तर तेही सरसकट खरं नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांनी देखरेखीखाली बरंच वजन उतरवलं. वर्षभराने त्यांतले ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. जुन्या मधुमेहात ही शक्यता कमी असते, पण डोस कमी होणं अनेकांना जमतं. गोळ्या कमी व्हाव्यात असं वडिलांना वाटत असेल, तर त्यांनी ते डॉक्टरांना सरळ सांगावं आणि वजन, आहार, तपासण्या यांचा कार्यक्रम त्यांच्याबरोबर ठरवावा. तोपर्यंत कुठली गोळी चालू ठेवायची, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.