खोलून बघणाऱ्या हातांना दिशा द्या

दहावीचा निकाल जवळ आला की वालूर-सेलू भागातल्या अनेक घरांत एकच काळजी ऐकू येते. "पोरगं पुस्तक हातात धरत नाही. मिक्सर, टॉर्च, होम थिएटर, बंद पडलेलं जे दिसेल ते खोलून बसतं. याचं पुढं कसं व्हायचं?" अशा पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊ नका. त्याला पद्धत, सुरक्षितता आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी मिळवून द्या. मुलीला ही आवड असेल तर तिलाही.

हा छंद काय शिकवतो?

छताचा पंखा हळू फिरू लागला, की वाइंडिंग गेली असं ठरवून पंखा काढायची घाई होते. बऱ्याचदा दोष निघतो तो जुन्या झालेल्या, साधारण अडीच मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये. एलईडी बल्बमधले दिवे सहसा सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यातला एक जळला तरी अख्खा बल्ब विझतो, आणि जळालेल्या एलईडीवर बहुधा काळा ठिपका दिसतो. मिक्सर चालता चालता थांबला तर आधी बुडाचं ओव्हरलोड बटण दाबायचं, मग कार्बन ब्रश बघायचे.

या सगळ्यांतून मुलाला एक क्रम शिकायला मिळतो : लक्षण नीट बघायचं, शक्यता मांडायच्या, सोपी आणि स्वस्त शक्यता आधी तपासायची, मल्टिमीटरने मोजायचं आणि मगच पार्ट बदलायचा. नुसते पार्ट बदलत राहणारा कारागीर आणि दोष शोधून काढणारा तंत्रज्ञ यांच्यातला फरक इथेच पडतो. दवाखान्यातली यंत्रं, कारखान्यातली कंट्रोल पॅनल, सौरपंपाचे कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्यांचं कामही याच क्रमाने चालतं. म्हणून मुलाला एक वही द्या. वस्तू, लक्षण, मोजमाप, दोष आणि उपाय त्यात लिहायला लावा.

आधी जीव, मग दुरुस्ती

इथे पालकांनी कडक राहावं. टीव्ही किंवा चार्जरच्या पॉवर सप्लायमध्ये 230 व्होल्टचे सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहू शकतात. मायक्रोवेव्हच्या आत दोन हजारांहून जास्त व्होल्ट असतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर वीस हजारांच्या घरात. या शेवटच्या दोन वस्तू शिकाऊ मुलाने उघडायच्याच नाहीत.

सुरुवात टॉर्च, रेडिओ अशा सेलवर चालणाऱ्या वस्तूंपासून होऊ द्या. डाग द्यायला (सोल्डरिंग) तिथेच शिकता येतं. घरच्या विजेवरची वस्तू जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच तपासावी, आणि ती आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे एका बल्बच्या सिरीजमध्ये, लावावी. बोर्डवरचा बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला, तर आत शॉर्ट असल्याची शंका घ्यावी. पण सिरीज बोर्ड शॉर्ट सर्किटमध्ये जाणारा करंट मर्यादित ठेवतो, शॉक रोखत नाही, हे मुलाला पक्कं सांगा.

शिक्षणाच्या वाटा

आयटीआय : इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वायरमन, तसंच फ्रिज-एसीचा ट्रेड, हे सगळे दोन वर्षांचे. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप जरूर करावी. तिथे विद्यावेतन मिळतं आणि कामाचा खरा सरावही होतो.

पॉलिटेक्निक : दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. अटी पूर्ण करणाऱ्या आयटीआय विद्यार्थ्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. म्हणजे आयटीआयला गेल्याने पदवीचा रस्ता बंद होत नाही.

करत करत शिकणं : पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वर्गात न रमणारी मुलं हाताने काम करताना विज्ञान शिकतात, हा त्यांचा विश्वास. तिथल्या निवासी अभ्यासक्रमात वीज, वर्कशॉप, शेती अशी कामं प्रत्यक्ष करूनच शिकवली जातात. शाळेत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांनी पाबळला एकदा जाऊन यावं.

या कामाला भविष्य आहे का?

स्वस्त वस्तू लोक फेकून देतात, हे खरं आहे. केवळ त्यांच्या भरवशावर दुकान टाकू नये. पण शेतात सौरपंप आले, घराघरांत इन्व्हर्टर आले, नव्या बीएलडीसी पंख्यातही सर्किट बोर्ड आला. ही दुरुस्ती गावाजवळच व्हायला हवी. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ते ग्राहकाला दुरुस्तीची माहिती सहज मिळावी म्हणूनच. ज्या वालूरकरांनी आपल्या चक्राकार बारवेतला गाळ उपसून तिला नवं रूप दिलं, त्यांना दुरुस्तीचं मोल वेगळं सांगायला नको.

दुकान टाकायचं असेल तर प्रमाणपत्रासोबत हिशेब, पक्की पावती आणि दिलेल्या तारखेला काम पूर्ण करण्याची सवय लागते. गिऱ्हाईक परत येतं ते याच गोष्टींमुळे.

या सुट्टीत मुलाला एक साधा मल्टिमीटर घेऊन द्या, ओळखीच्या जाणत्या मेकॅनिककडे रोज दोन तास बसवा. महिनाभराने त्याच्या वहीतल्या नोंदी त्याच्यासोबत वाचा. त्याने किती वस्तू चालू केल्या हे मोजण्यापेक्षा प्रत्येक दोषाचं कारण त्याला सांगता येतं का, ते विचारा. सांगता येत असेल, तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा अर्ज निर्धास्तपणे भरा.