सर्व्हरच्या तळाचे कुलूप

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु आज किर्द-खतावणी बहुतेक ठिकाणी कागदावर उरलेली नाही. आपल्या भागातील सौहार्द सहकारी संस्था असो, पतसंस्था असो वा महाविद्यालयाचे कार्यालय असो, ठेवीदारांच्या शिलकेपासून विद्यार्थ्यांच्या गुणांपर्यंत सारे काही सर्व्हरमध्ये असते. उद्या हिशेबतपासनीस होऊ इच्छिणाऱ्याने या पेटीचे कुलूप पारखावयास शिकलेच पाहिजे.

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेला छोटा प्रोग्राम प्रथम जागा होतो. तो मेमरी, डिस्क इत्यादी भाग तपासतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला पाचारण करतो. हाच फर्मवेअर होय. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्यास बायोस म्हणत. आजच्या सर्व्हरमध्ये ती जागा यूईएफआयने घेतली आहे. अँटिव्हायरस याच्या पुष्कळ नंतर जागा होतो. जो उशिरा उठतो, त्याने आधी उठणाऱ्यावर पहारा कसा ठेवावा? २०१८ मध्ये उघडकीस आलेला लोजॅक्स नावाचा घातक प्रोग्राम याच चिपमध्ये दडून बसे. डिस्क पुसली, किंबहुना डिस्कच बदलली, तरी तो पुन्हा हजर होई. म्हणूनच कुलूप तळाशी हवे.

आता सेटिंग्ज क्रमाने पाहू.

आरंभी माहितीची प्रत काढून ती वेगळी ठेवावी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्यास तिची रिकव्हरी की हाताशी असल्याची खात्री करावी. फर्मवेअरमध्ये बदल होताच सर्व्हर ती मागण्याचा संभव असतो. नंतर उत्पादक कंपनीकडूनच मिळालेला नवा फर्मवेअर घालावा.

दुसरी पायरी पासवर्डची. सेटिंग्ज बदलण्यासाठीचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड अवश्य ठेवावा. पॉवर-ऑन पासवर्ड मात्र सर्व्हरला सहसा सोयीचा नसतो. रात्री वीज जाऊन आली, तर तो टाकणारे कोणी येईपर्यंत सर्व्हर तसाच खोळंबून राहील.

तिसरी पायरी बूटची. बूटक्रमात आतील डिस्क प्रथम ठेवावी. यूएसबी व नेटवर्कवरून होणारे बूट गरज नसल्यास बंद करावे. जुन्या पद्धतीचा लेगसी बूटही बंद करावा. परंतु ऑपरेटिंग सिस्टिम त्याच पद्धतीने घातलेली असेल तर ती सुरूच होणार नाही, म्हणून हे आधी पाहावे.

चौथी पायरी सिक्युअर बूट. बँकेचे उदाहरण घेतले की ही कल्पना लगेच उमगते. धनादेश आला की कारकून नमुना-सहीशी सही ताडून पाहतो. तसेच फर्मवेअर प्रत्येक बूट प्रोग्रामची डिजिटल सही ‘डीबी’ नावाच्या यादीशी ताडतो. ‘डीबीएक्स’ ही नाकारलेल्यांची यादी; जणू पैसे देऊ नयेत असे कळविलेल्या धनादेशांची नोंद. या याद्या बदलण्याचा अधिकार ‘केईके’ या किल्लीकडे असतो आणि सर्वांच्या शिरावर ‘पीके’ ही मुख्य किल्ली असते.

ही मुख्य किल्लीच खोटी निघाली तर? २०२४ मध्ये असे आढळले, की अनेक कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांत केवळ चाचणीसाठी बनविलेली किल्ली तशीच राहून गेली होती. ‘विश्वास ठेवू नका’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तिच्या नावातच होते! तेव्हा ‘सिक्युअर बूट चालू’ एवढे वाचून समाधान मानू नये. किल्ली कोणाची, हेही पाहावे. शिवाय प्रमाणपत्रांना मुदत असते. मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपावयाची असून त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ ची प्रमाणपत्रे काढलेली आहेत. ती सर्व्हरमध्ये आहेत का, हे तपासावे.

पाचवी पायरी टीपीएम. सिक्युअर बूट हा दारावरचा पहारेकरी, तर टीपीएम हा हिशेबतपासनीस. तो कोणास अडवीत नाही. बूटच्या वेळी काय काय चालले त्याची मापे नोंदवून ठेवतो. मापे जुळली तरच त्याच्याकडील डिस्कची किल्ली बाहेर येते.

सहावी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा आणखी एक छोटा संगणक असतो. डेलच्या सर्व्हरमध्ये त्यास आयड्रॅक, तर एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी वायरीतून वीज मिळते तोवर तो जागाच असतो, आणि दुरून सर्व्हर सुरू-बंद करू शकतो. त्याचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा आणि त्याची जोडणी वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर ठेवावी. इंटरनेटवर तो कदापि उघडा ठेवू नये. पुढचे दार बंद करून परसदार उघडे ठेवण्यात काय अर्थ?

शेवटी आपल्या शाखेचा मुद्दा. रोकड सांभाळणाऱ्यानेच खातेवही लिहू नये, हे अंतर्गत नियंत्रणाचे तत्त्व आपण शिकतो. तेच येथेही लागू पडते. पासवर्डची प्रत मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावी. प्रत्येक बदलाची तारीख, कारण व करणाऱ्याची सही एका वहीत असावी, आणि ती वही दुसऱ्याच व्यक्तीने तपासावी. हिशेबतपासणीस गेल्यावर खातेवहीबरोबर ही वहीही मागण्याची सवय आपण लावून घेतली, तर ठेवीदारांचा पैसा अधिक सुरक्षित राहील, यात शंका नाही.