टेम्पो भरण्याआधी

अगं, सुपारी फुटली, तारीख निघाली आणि घरात लगेच संसाराच्या सामानाची यादी सुरू झाली. आईनं काल फोनवर मला अख्खी वाचून दाखवली. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, हंडे-कळशा, सहा बाय साडेसहाचा पलंग, तीन दारांचं लोखंडी कपाट, शोकेस, शिलाई मशीन आणि वर एका क्विंटलाची गव्हाची कोठी. बाबांची हौस मला कळते. कोल्हारातून लेक निघताना टेम्पो गच्च भरलेला दिसला पाहिजे, गल्लीनं तो बघितला पाहिजे. पण टेम्पो उतरणार आहे वाकडला, सातव्या मजल्यावर, चारशे चौरस फुटांच्या वन बीएचकेत. तिथं बघायला गल्ली नसते. तू असतेस आणि ते कपाट असतं.

ताई म्हणून सांगते. हे आईसमोर मोठ्यानं वाचू नकोस.

यादीवरून आत्ताच वाद घालू नकोस. आधी एकदा पुण्याला जाऊन खोल्यांना टेप लाव. कागदावरच्या चारशेवर भिस्त ठेवू नको. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा आल्यापासून कार्पेट म्हणजे काय ते तरी ठरलंय : बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, पण आतल्या भिंतींची जाडी धरतात. म्हणजे पायाखाली चारशेला थोडे कमीच येणार. बेडरूम दहा बाय दहाची आहे म्हणतेस ना? मग सहा फुटी पलंग भिंतीला लावला की दुसऱ्या अंगाला चार फूट उरले. समोर कपाट आलं, ते दोन फूट आत येतं. उरले दोन. आता कपाटाचं दीड फुटी दार उघडून बघ मनातल्या मनात. उभं राहायला जागाच नाही, पलंगावर गुडघे टेकून साडी काढायची. रोज. तोच पलंग पाच फुटी घेतलास तर मधे तीन फूट मिळतात आणि माणूस उभ्यानं कपड्याची घडी घालू शकतो. फर्निचरवाला सरकत्या दारांचं कपाट सुचवेल. त्यानं जागा वाचते खरी, पण एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आणि सकाळी साडेआठला दोघांना दोन टोकांचे कप्पे हवे असले की सरकवासरकवी सुरू होते.

आकडे डोक्यात बसत नसतील तर जुनी वर्तमानपत्रं घेऊन जा. पलंगाच्या मापाची पानं जमिनीवर अंथरून कडेला चिकटपट्टी लाव, कपाटाचीही तशीच. मग दार उघड, पंख्याचं बटण लाव, खिडकीपर्यंत जा, खाली पडलेली पिन उचल. जिथं तुझा पाय कागदावर पडला, तिथं उद्या करंगळी आपटणार. आणि लिफ्टचं दार, जिन्याचं वळण मोजायला विसरू नको. साडेसहा फुटी अखंड कपाट बहुतेक लिफ्टमध्ये जात नाही, वळणावर अडतं, आणि मग हमाल सातव्या मजल्याचे वेगळे पैसे सांगतो. सुटं होणारं घ्यावं, वर नेऊन जोडावं.

कोठीचं मात्र आत्ताच ठरवून टाक. शंभर किलो गहू राहणारी कंबरेएवढी कोठी दीड बाय दीड फुटांची जागा अडवते, म्हणजे सव्वादोन चौरस फूट. चौरस फुटाला दहा हजाराचा भाव धरला तर साडेबावीस हजारांच्या जागेवर गहू ठेवून त्याला पोरकिडा लागू द्यायचा! आपलं गाव नगर-मनमाड रस्त्यावरचं. कुणी दवाखान्याला, कुणी परीक्षेला, कुणी लेकीकडं पुण्याला निघालेलं असतंच. त्यांच्याबरोबर महिन्याचे दहा-बारा किलो येतील. बाकीचा गहू माहेरच्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्यात राहू दे. हंडे-घंगाळांचंही तेच. त्यांना सासरच्या गावातल्या घरी मानानं ठेवू दे. सणावाराला तिथं गेलीस की बंबाच्या पाण्यानं न्हा, त्यात सगळ्यांचाच मान राहतो.

कपाटाचं बाबांशी मी बोलते. तेवढ्याच पैशात सुतार लावून जमिनीपासून छतापर्यंतचं कपाट भिंतीत बसवून द्या, असं सांगेन. सहा-साडेसहा फुटांच्या तयार कपाटावर जे तीन फूट मोकळे राहतात, तिथं पुढं सुटकेसी, खोकी आणि धूळ जमते. तेच तीन फूट आत घेतले की गादीपाटाची सोय झाली.

तुला वाटेल, ताईला फ्लॅटातलं काय कळतं. लग्नानंतरची माझी बरीच वर्षं नायगावच्या बीडीडी चाळीत गेली आहेत. १९२०च्या दशकात मुंबईत सरकारनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं त्या बांधल्या. २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकासात त्याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागलीत. पण एकशेसाठमध्ये आठ-आठ माणसं राहिली, लग्नं झाली, मुलं बोर्डाला बसली. हे जमायचं कसं? पोटमाळा होता, कॉटखाली ट्रंका होत्या, हे सगळं खरंच. पण खरी किमया वेळापत्रकाची होती. गिरणीच्या एका पाळीची माणसं कामावर गेली की त्यांच्या वळकट्या भिंतीला लागायच्या आणि दुसऱ्या पाळीच्या उलगडायच्या. खानावळवाल्या बायका त्याच एका खोलीत पाळीपाळीनं पंगती उठवायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना घेऊन.

आणि आंबेडकरांचं ते तर तू वाचलं असशील. धनंजय कीरांच्या चरित्रात परळच्या डबक चाळीतल्या खोलीचं वर्णन आहे. स्वयंपाक, सरपण, जातं सगळं एकाच खोलीत. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. वडील, रामजी सुभेदार, मुलाला लवकर झोपायला लावत, स्वतः जागे राहत, रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग त्याच जागेवर आपण आडवे होत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मला त्या बापाचं कौतुक फार वाटतं. त्याला खोली वाढवता येत नव्हती, म्हणून त्यानं स्वतःची झोप सरकवली.

तुझ्या हॉललाही असंच घड्याळ लाव. सकाळी तिथं भाजी निवडायची, डबे भरायचे. दहा ते सात जावई लॅपटॉप घेऊन बसणार, कारण त्यांना आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम आहे. संध्याकाळी सासूबाईंची मालिका. रात्री गावाकडचं कुणी आलं की अंथरूण. इतकी कामं ज्या खोलीला, तिथं थ्री प्लस वन प्लस वनचा सोफा आणून बसवलास की ती खोली फक्त सोफ्याची. त्यापेक्षा खाली खण असलेला एक दिवाण घे, बाकी बैठक खालीच. लॅपटॉपसाठी भिंतीला बिजागरीची फळी मारून घे. काम झालं की फळी खाली पडते, खुर्ची बाल्कनीत जाते. शोकेस तर नकोच. काचेमागच्या बाहुल्यांना रोज पुसायला तुला वेळ कुठं आहे? पाहुण्यांच्या गोधड्यांसाठी वेगळी जागा शोधत बसू नको. लोडाच्या खोळी शिवून घे, आत कापसाऐवजी दोन-दोन गोधड्या घट्ट गुंडाळून भर. दिवसा टेकायला लोड, रात्री खोळ काढली की अंथरूण-पांघरूण. शिलाई मशीन यादीत ठेवायला मी सांगतेय ते यासाठीच, फक्त पायाची नको, हाताची किंवा छोटी मोटरची घे, दिवाणाच्या खणात जाईल अशी.

आता भिंती. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात बघ, जमिनीवर काय असायचं? जातं, उखळ, फार तर एखादी कणगी. बाकी सगळं खुंटीवर, कोनाड्यात, फडताळात, शिंक्यावर, आणि मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड. आजीला कुणी इंटिरिअर शिकवलं नव्हतं. तू खिळे ठोकण्याआधी मात्र भिंत कशाची आहे ते विचारून घे. विटेची असेल तर चिंता नाही. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची असेल तर साधा स्क्रू काही महिन्यांत ढिला पडतो, भरलेल्या मांडणीसाठी वेगळे फास्टनर लागतात. मायवानच्या साच्यात ओतलेली बिल्डिंग असेल तर भिंती सगळ्या काँक्रीटच्या. तिथं कोनाडा खोदायचं नावच काढू नको, ड्रिल मशीनवाला बोलाव आणि सगळी भोकं एकाच दिवशी पाडून घे. खुंट्या दारामागं, बाथरूमच्या दारामागं, कपाटाच्या आतल्या बाजूला. बाल्कनीत छताला दोरीचा वर-खाली होणारा स्टँड बसव, खालची वळणी सुटते आणि तिथं सासूबाईंना सकाळी उन्हात बसता येतं. बाल्कनी बंद करून खोली वाढवायचा सल्ला शेजारीपाजारी देतील. सोसायटीला विचारल्याशिवाय विटेलाही हात लावू देऊ नको. आणि खरं सांगू, चारशे फुटांत आभाळ दिसायची तेवढी एकच जागा असते.

स्वयंपाकघराबद्दल सगळ्यांची मतं असतात, माझंही आहे. ओट्याखाली आख्ख्या स्टीलच्या ट्रॉल्या दिसतात छान, पण चॅनल आणि चौकटी बरेच इंच खातात. नुसत्या कडप्प्याच्या फळ्यांवर सामान जास्त मावतं, फक्त मागचं दिसत नाही. म्हणून रोजच्या ताटवाट्यांना आणि डब्यांना दोन ट्रॉल्या, बाकी कडप्पा. पिठाचा डबा, कुकर, परात मागं ढकलायच्या नाहीत. सिलिंडर ओट्याखाली उभाच ठेव आणि त्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूनं जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वरच्या भोकाचा उपयोग नाही. सोसायटीत पाइपचा गॅस आला असेल तर आधी तो घे, सिलिंडरचा कप्पा तुला मिळेल. माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणारं टाक : गणपतीचं मखर, दिवाळीचं कंदिलाचं खोकं. ज्या वस्तूसाठी महिन्यात दोनदा स्टुलावर चढावं लागतं ती माळ्याची नव्हेच. आणि मिक्सर, इस्त्री, तवा यांच्या रिकाम्या खोक्यांचं तू काय करणार ते मला माहीत आहे, तू अगदी आईवर गेलीस. वॉरंटीचा कागद काढून घे नि खोकी रद्दीवाल्याला दे.

हे झालं सामानाचं. आता माणसांचं सांगते, ते कुणी यादीत लिहीत नाही.

सासूबाई हॉलमध्ये झोपणार. त्यांचा चष्मा, औषधं, जपाची माळ, मोबाइलचा चार्जर यांना दिवाणाच्या उशाशी एक कायमची फळी आणि एक दिवा दे. हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कर. नाहीतर त्यांच्या वस्तू हळूहळू ओट्यावर, फ्रीजवर, तुझ्या कपाटात येतील आणि तुला वाटेल त्या मुद्दाम करतात. त्यांना ठेवायला जागा नसते, एवढंच. तुझ्यासाठीही कपाटात एक कुलपाचा कप्पा ठेव. त्यात काय आहे हे कुणीही विचारायचं नाही, जावयांनीही नाही. आत दोन जुनी पत्रं आणि रिकामं पाकीट असलं तरी चालेल.

बेडरूमच्या दाराला आतून कडी आहे का ते टेप लावतानाच बघ. नसली तर खिळे मारायच्या दिवशी लावून घे, नंतर सगळ्यांच्या देखत सुताराला सांगायला तुलाच लाज वाटेल. दार आणि फरशीमधली फट मोठी असेल तर रबराची पट्टी मिळते, ती मारून घे. चाळीत आम्ही बायका मनातलं नळावर बोलायचो, गॅलरीत बोलायचो. पलीकडं कोण ऐकतंय हे माहीत असायचं, म्हणून तोलून बोलायचो. फ्लॅटात दार बंद असतं, त्यामुळं कुणी ऐकत नाही असं वाटतं, आणि हॉलमधली मालिका नेमकी जाहिरातीसाठी थांबलेली असते. नवऱ्याशी भांडण होणारच आहे, पहिल्या वर्षात तर भरपूर. घरात भांडू नका, चपला घाला आणि खाली जा. पार्किंगला चार चकरा मारत भांडा, मोठ्यानं भांडा. फक्त वॉचमनच्या केबिनपासून जरा लांब, तो आपल्याच राहुरीकडचा आहे असं तूच सांगत होतीस.