जुना खेळ आणि नवे यंत्र



संगणकावरील खेळ नीट चालत नसेल, तर उपायाला हात घालण्यापूर्वी तो नेमका कोठे अडतो हे पाहावे. कारण सुरूच न होणे, सुरू होऊन भलतेच दिसणे आणि दिसायला ठीक असूनही अडखळणे ही तीन निरनिराळी दुखणी आहेत, आणि ‘गेम चालत नाही’ या एका तक्रारीत ती कोंबली की निदानाची वाटच बंद होते.

एन्सेम्बल स्टुडिओजचा, १९९९ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ माझ्या चिरंजीव भाच्याने या दृष्टीने तपासावा. विंडोज ७ असलेल्या संगणकावर तो बहुधा सुरू होतो, परंतु गवत तांबडे आणि पाणी जांभळट दिसू लागते. पाहणाऱ्याचा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्या संशयाचे खंडन करण्याची फारशी घाई नसते. वास्तविक हा खेळ एका वेळी केवळ २५६ रंग वापरतो. पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, तो रंग साठवत नाही, तर ० ते २५५ पैकी एक क्रमांक साठवतो, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हे सांगणारा तक्ता, ज्याला पॅलेट म्हणतात, वेगळा ठेवतो. डेस्कटॉप व खालची पट्टी सांभाळणारा ‘एक्सप्लोरर’ हा विंडोजचाच कार्यक्रम खेळ चालू असताना त्या तक्त्यात ढवळाढवळ करतो. त्यामुळे क्रमांक अचूक राहतात, पण त्यांचे रंग बदलतात. म्हणूनच टास्क मॅनेजरमधून, म्हणजे चालू कार्यक्रमांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, एक्सप्लोरर बंद करून खेळ चालवला आणि खेळून झाल्यावर तेथूनच तो पुन्हा सुरू केला, की रंग ठिकाणावर येतात. ज्याने यासाठी नवे कार्ड घेतले असते, त्याला नव्या कार्डावरही तांबडेच गवत दिसले असते.

खेळ सुरूच होत नसेल, तर कारण वेगळे असण्याचा संभव आहे. त्या काळच्या अनेक सीडींवर ‘सेफडिस्क’ नावाची, सीडी अस्सल आहे की नक्कल हे तपासणारी व्यवस्था असे, व तिला विंडोजमधील एका ड्रायव्हरची, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात चालणाऱ्या सहायक कार्यक्रमाची, गरज लागे. विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर चालत नाही, आणि सप्टेंबर २०१५ मधील सुरक्षा अपडेटने विंडोज ७ वरही तो बंद झाला. विकत घेतलेली खरी सीडी यंत्राने नाकारावी हा अन्याय खराच. तथापि त्यावर तोडगा म्हणून कोठून तरी ‘क्रॅक’ उतरवणे म्हणजे अनोळखी माणसाने बदललेला कार्यक्रम आपल्या यंत्रावर आपणच चालवणे होय. एखादी डीएलएल फाइल, म्हणजे अनेक कार्यक्रमांनी सामायिक वापरायची फाइल, नाही असा संदेश आल्यास तीही सुटी शोधू नये, तर ती ज्या मूळ संचाचा भाग असते, तो संच त्याच्या निर्मात्याकडूनच घ्यावा.

अडखळण्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. लॅपटॉप चार्जरवर आहे की बॅटरीवर, आणि काही मिनिटांनी तापून तो आपला वेग स्वतःच कमी करतो की काय, हे प्रथम पाहावे.

या सर्वांत पाळायचा नियम एकच, आणि तरुण मंडळींना तोच सर्वांत जड जातो: एका वेळी एकच बदल करावा, खेळ चालवून पाहावा, उपयोग न झाल्यास तो बदल मागे घ्यावा आणि वहीत नोंद करावी. ड्रायव्हर, सेटिंग आणि कंपॅटिबिलिटी मोड, म्हणजे जुन्या विंडोजची बतावणी करण्याची सोय, हे तिन्ही एकदम बदलून खेळ सुरू झाला, तरी कशामुळे सुरू झाला हे कळत नाही, आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. विंडोज नव्याने टाकणे हा उपाय तर अगदी शेवटचा. त्याने पुरावाही पुसला जातो.

याच खेळाची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ नोव्हेंबर २०१९ मध्ये आली असून तिच्यात २५६ रंगांची ही अडचण नाही. मात्र तिला ६४-बिट विंडोज १० लागते, तेव्हा विंडोज ७ च्या जुन्या संगणकासाठी चिरंजिवांनी तिच्यावर पैसे घालवू नयेत.