अवजारांवरील डिंक, लाख व चीक : स्वच्छतेची योग्य पद्धत

छत्तीसगडच्या वनांत धावडा, बाभूळ व कांडोळ (स्थानिक नाव कुल्लू) या वृक्षांपासून डिंक मिळतो, तर कुसुंब, पळस व बोर या वृक्षांवर लाखेचे उत्पादन घेतले जाते. रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात नैसर्गिक राळ व डिंकाची काढणी, प्रक्रिया व मूल्यवर्धन या विषयांवर संशोधन झाले आहे. या कामात कोयता, चाकू व सिकेटर यांच्या पात्यांवर चिकट थर बसतो. असे पाते साल स्वच्छ कापत नाही, ती फाडते. परिणामी जखम उशिरा भरते व रोगजंतूंना वाट मिळते.

सर्व चिकट द्रव्ये एकाच द्रावकात विरघळत नाहीत. त्यामुळे थराचा लहान तुकडा काही तास पाण्यात ठेवून त्याची परीक्षा करावी.

डिंक : धावडा व बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, कांडोळाचा डिंक प्रामुख्याने फुगतो. पाते कोमट पाण्यात भिजवून लाकडी पट्टीने खरवडावे. रॉकेल वापरू नये. त्यात डिंक विरघळत नाही. शिवाय पात्याला राहिलेला वास पुढील मालास लागतो. कांडोळाचा डिंक अन्न व औषधी उद्योगांत जात असल्याने असा माल नाकारला जाण्याची शक्यता असते.

लाख : पाण्यात विरघळत नाही. गरम पाण्याने थर मऊ करून खरवडावा व उरलेला अंश स्पिरिटने पुसावा. धुण्याच्या सोड्याचे गरम द्रावणही चालते. मात्र ॲल्युमिनियमच्या भागांस ते लावू नये. पाते आगीत तापवू नये, कारण त्याचे पाणी उतरते.

सालईचा स्राव : यात राळ व डिंक दोन्ही असतात. प्रथम स्पिरिट व नंतर कोमट पाणी वापरावे.

फणसाचा चीक : ओला असतानाच खाद्यतेल लावून पुसावा व नंतर साबणाने धुवावे.

स्पिरिट ज्वलनशील असल्याने ते विस्तवापासून दूर व मोकळ्या हवेत वापरावे. लाकडी मुठी भिजवू नयेत. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना स्वच्छ केलेले पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. चिकट थराखालील जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही, म्हणून आधी थर काढणे आवश्यक आहे. दिवसाअखेर पाते कोरडे करून खाद्यतेलाचा पातळ हात द्यावा व वापरापूर्वी तो पुसून घ्यावा.